चार चॅनलची पेटी

अरुणची गिटार घरी आली त्या दिवशी आईनं पातोडीची भाजी केली होती. माझी वाटी मी अर्धी टाकून उठले, म्हणून ती भाजी इतकी वर्षं लक्षात राहिली. बाबा सकाळच्या एस.टी.नं खामगावला गेले होते आणि दुपारी परतले तेव्हा त्यांच्या कमरेएवढं लांबडं काहीतरी जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. चादर सोडली तर आत लाल रंगाची, कडेचा रंग उडालेली इलेक्ट्रिक गिटार. गाव सोडून जाणाऱ्या कुणा कुटुंबाकडून त्यांनी ती मिळवली होती. बाबांनी ती बाजेवर अशी अलगद ठेवली, जसं नुकतं झोपलेलं लेकरू ठेवावं. अरुणनं हात धुतले. मीही धुतले. पण मी पुढं झाले तशी बाबा म्हणाले, "तू नको लावू वं हात. तुह्या हाताले राळ असते." राळ होतीच. सकाळपासून मी त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच गिऱ्हाइकाच्या रेडिओला सोल्डरचे डाग देत बसले होते, त्यात राळ वापरावीच लागते. ती राळ माझ्या हाताला कुणाच्या कामानं लागली हे त्यांना आठवलं नाही. मी आत जाऊन नुसती बसून राहिले.

मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं घर होतं आणि घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दिवसभर तीन आवाज कानावर असत: गाड्यांच्या शंटिंगचे धक्के, कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा, आणि दुकानात कुठल्यातरी उघड्या रेडिओची खरखर. कापसाच्या दिवसांत रस्त्यावरून भरलेल्या बैलबंड्या जात तेव्हा कापसाचे पुंजके उडत येऊन रेडिओच्या आत बसत, मी ते मोरपिसानं काढत असे. बाबांचा हात चांगला होता, पण जवळचं दिसणं कमी होत चाललं होतं. रेझिस्टर म्हणजे शेंगदाण्याएवढा तुकडा, त्याच्यावर रंगांचे बारीक पट्टे, आणि त्या पट्ट्यांवरून त्याची ताकद ओळखायची. ते पट्टे त्यांना दिसेनासे झाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. "सिंधे, रंग सांग," अशी हाक आली की मी पाटी टाकून धावायची आणि सांगायची, तपकिरी, काळा, पिवळा. पुढं पुढं रंग सांगता सांगता डाग देणं आलं, मग बिघाड शोधणं आलं. सतरा वर्षांची झाले तोवर दुकानातलं निम्मं काम माझ्या हाताखालून जात होतं. गिऱ्हाईक आलं की मात्र मी पडद्यामागं जायची. आसपासच्या गावांच्या गिऱ्हाइकांना रेडिओ पोरीनं दुरुस्त केला हे कळलं तर ते पुन्हा येणार नाहीत, असं बाबांना वाटे. त्यांना वाटे ते खरंही असेल.

अरुण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा कधी म्हटलं नाही. गिटार यायच्या आधी तो दुसऱ्याची मागून वाजवायचा आणि खरोखर सुरेख वाजवायचा, हे मी इथं आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटू नये की मला ते ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होतं म्हणून तर जळत होते. बाबांनी त्याला सोल्डरिंग आयर्नला हात लावायची बंदी केली होती. "तारेवर चालणारे बोटं हायेत त्याचे, पोळले म्हणजे?" संध्याकाळी आई भाकरी थापून झाल्या की त्याच्या बोटांच्या शेंड्यांना कोमट तेल चोळून द्यायची, कारण तारांनी तिथं भेगा पडत. मी तव्यासमोर बसलेली असे. माझ्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर पोळल्याचे चार-पाच डाग नेहमीच असत. एकदा मी मुद्दाम तो हात तिच्यासमोर धरून भाकरी घेतली. आई म्हणाली, "ठेचा घे ना." आज मला वाटतं, तिनं डाग पाहिले असतील आणि काय बोलावं ते तिला सुचलं नसेल. तेव्हा मात्र मी तो ठेचा डोळ्यांत पाणी येईस्तोवर खाल्ला, म्हणजे पाणी कशाचं ते कुणी विचारू नये.

गावात रहीमभाईंचा ऑर्केस्ट्रा होता. रहीमभाई शिंपीकाम करायचे, अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे आणि दोन गाणारे नि ढोलकीवाला धरून लग्नकार्यात कार्यक्रम करायचे. अरुण त्यांच्यात गिटारला बसू लागला. आवाजाची सगळी मदार बाबांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर होती. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या बारक्या बाटल्या, आत लाल धग दिसायची. त्यांची गंमत अशी की गिटार जोरात वाजली की व्हॉल्व्ह आवाजाला कापत नसे, तो त्याला गोल करी, जरा भरल्या गळ्याचा करी. त्या उन्हाळ्यात त्यातले पुढचे दोन छोटे व्हॉल्व्ह गेले. मोठे शाबूत होते, पण जो भाग गिटारीचा क्षीण आवाज पहिल्यांदा हातात घेऊन त्याला आकार देतो, ज्याला प्रीअँप म्हणतात, तोच मेला. तसले व्हॉल्व्ह मिळेनात. बाबांनी ट्रान्झिस्टर घालून एक सर्किट करून पाहिलं. अरुणनं तार छेडली आणि पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला. रहीमभाईंनी कानांवर हात ठेवले.

"ट्रान्झिस्टरच्यानं व्हॉल्व्हसारखं होणारच नाई," बाबा म्हणाले.

"होते," मी पडद्यामागून म्हटलं.

रद्दीतून आलेल्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की एफईटी नावाचा एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याचं वागणं पुष्कळसं व्हॉल्व्हसारखं असतं. शब्दकोश घेऊन तो लेख मी चारदा वाचला होता. बाबांनी मुंबईहून माल आणणाऱ्या माणसाला सांगून ते मागवले. पत्र्याची टोपी घातलेले, मुगाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. आणि मग दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. एकाच डबीतले दोन एफईटी सारखे निघत नसत. एक मोकळा आवाज द्यायचा, तर दुसरा त्याच जागी घसा बसल्यासारखा. प्रत्येकाला लावून बघायचं, त्याच्या तारेच्या पायाला जोडलेला रेझिस्टर त्याच्या स्वभावाप्रमाणं बदलायचा, पुन्हा ऐकायचं. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्या, म्हणजे विजेची गुणगुण नको आणि जोर पडला तर आवाजाला वर जायला जागा हवी. हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत बसवून ती जुन्या अँप्लिफायरला जोडली आणि तिच्यात आवाजाचे चार मार्ग, म्हणजे चॅनल, ठरवले: दोन गाणाऱ्यांचे माइक, एक रहीमभाईंच्या अ‍ॅकॉर्डियनचा, एक गिटारचा. सगळ्या डबीतला सर्वांत गोड निघालेला एफईटी मी गिटारला दिला. कुणी सांगितलं नव्हतं. आवाज मला चांगला यायला हवा होता, एवढंच.

ज्या सकाळी तो पहिल्यांदा बरोबर लागला, ती सकाळ माझ्या आयुष्यातल्या दोन-तीन चांगल्या सकाळींपैकी आहे. अरुण दुकानात स्टुलावर बसला, एक सूर लांब ओढला आणि मी बटण हळूहळू वर नेलं. आवाज फुटला नाही. तो भरत गेला आणि शेवटाला जरासा खरखरला, जसा माणसाचा आवाज मनापासून बोलताना खरखरतो. आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. बाबा स्पीकरला कान लावून राहिले. अरुण ओरडला, "सिंधे, हे त व्हॉल्व्हच हाय बे!" आणि त्यानं मला, बहिणीला, "बे" म्हटलं म्हणून आई त्याला रागावली. मी हसले. त्या दिवशी माझ्या मनात त्याच्याबद्दल काहीही वाईट नव्हतं.

दसऱ्याला जिनिंगच्या आवारात पूजा व्हायची आणि दुपारी चारपासून कार्यक्रम. त्या वर्षी रहीमभाई बातमी घेऊन आले की नागपूरचे दिवाकरराव, ज्यांचा मोठा ऑर्केस्ट्रा होता, ते येणार आहेत. त्यांना गिटारवाला पाहिजे आहे आणि अरुणचं नाव त्यांच्या कानावर गेलं आहे. घर उत्साहानं वेडं झालं. बाबांनी पेटीला काळा रंग दिला आणि दोन दिवसांसाठी पेंटरकडे नेली. परत आणली तेव्हा पुढच्या पत्र्यावर पांढऱ्या, टोकदार अक्षरांत लिहिलेलं होतं: अरुण साउंड.

मी बाबांना विचारलं, "हे काऊन?"

"काऊन म्हणजे? ऑर्केस्ट्रात तोच बसते ना. लोक त्यालेच वळखतात."

"बनवली कोणं?"

बाबा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मनात खरंच काही नव्हतं. "घरचीच त हाय," ते म्हणाले, "घरात का वाटण्या करायच्या?" आणि ते हातपाय धुवायला गेले. अरुण पेटीसमोर उकिडवा बसून त्या अक्षरांवरून बोट फिरवत होता. त्यानं मान वर करून मला विचारलं, "मस्त दिसते ना?" त्याला दिसत नव्हतं, मी कशी उभी आहे ते. मी म्हटलं, "हाव."

दसऱ्याच्या सकाळी आई पुरणावर होती, बाबा झेंडूची फुलं आणायला गेले होते. मी पेटीचे चार स्क्रू काढले. बटणाएवढा, मातकट रंगाचा एक कपॅसिटर घेतला आणि गिटारच्या चॅनलमध्ये, आवाजाच्या वाटेवरून अर्थिंगच्या तारेकडे, जोडून टाकला. एवढ्यानं काय होतं ते मला नीट ठाऊक होतं. आवाज बंद पडत नाही, बिघाड वाटत नाही. नुसती वरची धार निघून जाते, सूर पांघरुणातून आल्यासारखा येतो. दोन डाग. मिनिटभराचं काम. मी रागाच्या भरात केलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी डाग थंड होईपर्यंत फुंकरही घातली, पक्का बसावा म्हणून.

आवारात कापसाचे ढीग, त्यांच्यासमोर तख्त, तख्तावर ऑर्केस्ट्रा. बायकांच्या बाजूला आईजवळ मी. दिवाकरराव पहिल्या रांगेत, पांढऱ्या पायजम्यात, डोळे मिटून ऐकणारे. गाणाऱ्यांचे आवाज स्वच्छ आले, अ‍ॅकॉर्डियन तर झळझळत होतं. गिटार वाजत होती, पण कुठंतरी मागं, भिंतीपलीकडं. दुसऱ्या गाण्यानंतर अरुण खाली उतरून थेट माझ्याकडे आला. त्याच्या कपाळाला घाम होता. "सिंधे, आवाज दबून राह्यला. काही करता येते का पाय."

तेव्हा सांगता आलं असतं. दोन मिनिटांत पेटी उघडून तो तुकडा कापून काढता आला असता. मी म्हटलं, "उघड्यावर असंच वाटते. जरा जोर लावून वाजव."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. आवाजाच्या बाबतीत तो माझ्याशिवाय कुणावरच विश्वास ठेवत नसे. तो वर गेला आणि जोर लावून वाजवू लागला. जोर लावला तशा चुका होऊ लागल्या, चुका झाल्या तसा तो आणखी घाबरला. कार्यक्रम संपल्यावर दिवाकरराव त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हात गोड आहे बेटा, पण वाजवण्यात धार नाही. अजून मेहनत कर." मी हे दहा हातांवरून ऐकलं. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. थोडा झाला, हे नाकारत नाही. पुरणपोळ्या मी दोन खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात अरुण रोज सकाळपासून वाजवत बसला, पेटीशिवाय, कोरड्या तारांवर. धार आणायला. त्याच्या बोटांतून रक्त येऊ लागलं तरी थांबेना. मग एक दिवस थांबला तो थांबलाच. गिटार चादरीत गुंडाळून त्यानं फळीवर टाकली आणि बाबांना म्हणाला, "माह्यात नाई ते. रेल्वेत भरती निघन तवा अर्ज करतो." बाबांना ते पटलं नाही. त्यांनी पेटी काढली, उन्हात ओट्यावर नेली, भिंग घेतलं आणि एकेक जोड तपासत गेले. मी उंबऱ्यात बसून गहू निवडत होते. बराच वेळ गेला. मग त्यांची बोटं एका जागी थांबली. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे. त्या दुकानात सोल्डर करणारी दोनच माणसं होती, आणि कुणाचा डाग कसा बसतो हे दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी जेवताना बाबा अरुणला म्हणाले, "गिटारच्या चॅनलमंदी एक कपॅसिटर चुकून बसला व्हता. म्या बसवला. डोळ्यांनी दगा देल्ला बाप्पा. आता काढला तो. तुह्यी काही चूक नोती." अरुणचा घास हातातच राहिला. त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याला पाण्यातून वर ओढलं आहे; आणि लगेच तो बाबांचीच समजूत काढू लागला, "जाऊ द्या बाबा, व्हते असं." मी खाली मान घालून कढीभात कालवत होते. आणि लाज वाटत असतानाही माझ्या मनात आलं, बघा, याच्यासाठी बाबा खोटंसुद्धा बोलतात. ते खोटं बाबा माझ्यासाठी बोलले होते हे कळायला मला पुढचे काही दिवस लागले.

कळलं ते यावरून: दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला हाक मारणं बंद केलं. रागावले नाहीत, बोलले नाहीत. भिंग घेऊन स्वतःच पट्टे बघू लागले. मी पडद्याजवळ उभी राहायची, ते डोळे बारीक करून तुकडा उजेडाकडे धरायचे, फिरवायचे, पुन्हा धरायचे. चौथ्या दिवशी त्यांनी तांबड्याला नारिंगी वाचलं आणि एका मास्तरांच्या रेडिओतून धूर निघाला. मास्तर समोर उभे. बाबा धूर हातानं वारत म्हणाले, "माफ करा गुरुजी, नजरचूक." म्हातारे नव्हते बाबा, त्या क्षणी म्हातारे दिसले. (पुढं महिन्याभरानं त्यांनी आपणहून पुन्हा रंग विचारले, काही झालंच नाही अशा आवाजात. पण तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत.)

मास्तर गेले तशी मी मागच्या अंगणात गेले. अरुण सायकल धूत होता.

"कपॅसिटर बाबांनं नाई बसवला. म्या बसवला."

"चुकून?"

"नाई. जाणूनबुजून."

त्यानं फडकं बादलीत टाकलं. "काऊन?"

मला वाटत होतं माझ्याकडे मोठं उत्तर आहे. तोंडातून निघालं ते एवढंच, "पेटी म्या बनवली. नाव तुह्यं लिवलं."

"मंग मले सांगाचं व्हतं. म्या पुसून टाकलं असतं."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो सायकल तशीच ओली सोडून आत गेला आणि परत दारात येऊन म्हणाला, "उद्या नागपूरले जायचं. तू, मी आन् पेटी. मले सांगितलं ते दिवाकररावाइले सांग." आईनं कशाला, काय, असं पुष्कळ विचारलं. बाबांनी विचारलं नाही. सकाळी ते आम्हाला स्टेशनवर पोचवायला आले, पेटी स्वतः डब्यात चढवली आणि मला म्हणाले, "सांगाचं असंन त पुरं सांग. अर्धं सांगू नको."

दिवाकररावांच्या घरी माडीवर तालमीची खोली होती, चार-पाच वादक चहा पीत बसलेले. त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं. पुरं सांगितलं. दिवाकररावांनी अरुणला खूण केली. त्यानं पेटी त्यांच्या अँप्लिफायरला जोडली आणि वाजवलं. मी त्याला इतकं सुरेख वाजवताना आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. संपल्यावर दिवाकररावांनी मिटलेले डोळे उघडले. मग म्हणाले, "आठ दिवस आधी यायचं होतं रे. अकोल्याच्या पोराला मी शब्द देऊन बसलो. तो उद्या रुजू होतोय." अरुणनं मान हलवली आणि गिटारची वायर पेटीतून काढू लागला.

दिवाकरराव उठून पेटीजवळ आले. झाकण उघडायला सांगितलं. आत वाकून बघत म्हणाले, "व्हॉल्व्ह कुठाय?"

"नाही त्यात," मी म्हटलं, आणि मग थांबता येईना. एफईटी, त्यांचे स्वभाव, तीन बॅटऱ्या, सगळं सांगत गेले. वादक जवळ येऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढं पडदा नव्हता.

"आम्हाला अशा दोन करून देशील?" दिवाकररावांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. ते विचारून संपायच्या आत म्हटलं.

रात्री नागपुरातच मावशीकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघालो. अरुण खिडकीशी, मी समोर, पेटी दोघांच्या पायांमध्ये. अकोला मागं गेलं. बाहेर कापसाची वेचणी चालली होती, बायकांच्या ओट्या फुगलेल्या दिसत होत्या. मग तो बाहेरच बघत म्हणाला, "हो म्हन्याच्या आंधी तू माह्याकडं पाह्यलं नाई."

"नाई."

"पाह्यलं असतं त?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. "तरी हो म्हटलं असतं."

तो हसला. फार नाही, एका बाजूनं. "मंग नाई पाह्यलं ते बरं केलं," तो म्हणाला. थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी पाणी मागावं तसं, म्हणाला, "आता थोडे दिवस मले जळू दे, सिंधे. तुह्यं झालं."

तो खरंच जळला. नागपूरच्या दोन पेट्या मी ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत बनवल्या, मग अमरावतीहून आणि जळगावहून मागण्या आल्या, आणि त्या सबंध काळात तो दुकानात पाऊल टाकत नसे. रहीमभाईंकडे वाजवायचा, रेल्वेत लागल्यावर भुसावळला वाजवायचा, पण माझ्यासमोर नाही. मी त्याला एकदाही बोलावलं नाही. जळणाऱ्या माणसाला काय नको असतं, ते मला घरात सगळ्यांहून जास्त माहीत होतं.